तुझ्या आजीची पत्रं

श्री

डोंबिवली,
रविवार

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

आजीची पत्रं आहेत का, असतील तर स्कॅन करून पाठवा, असं तू विचारलंस. मी नुसतं "बघतो" म्हणालो. तुला वाटलं असेल, बाबा नेहमीसारखे विसरणार. विसरलो नाही. उत्तर लांब आहे, आणि फोनवर काही सांगायला लागलो की तुझी आई शेजारून दुरुस्त्या सुचवते. म्हणून कागद घेऊन बसलो.

तर पहिलं म्हणजे, आजीने मला लिहिलेलं एकही पत्र आपल्या घरात नाही. आणि दुसरं म्हणजे, तुझ्या आजीएवढी पत्रं लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ती सगळी लोकांच्या घरी गेली.

तुला आठवते ती आजी मे महिन्यातली. झोपाळ्यावर बसून आडकित्त्याने सुपारी कातरणारी, फणसाचं सांदण करणारी, रात्री तुझ्या फुटलेल्या टाचांना कोकमतेल पळीत वितळवून लावणारी. अढीतला आंबा नाकाशी धरून "हा परवा" म्हणून परत पेंढ्यात ठेवणारी. आणि चांगले आंबे पाहुण्यांच्या पेट्यांत भरून आपल्याला डागी खायला लावणारी. "आपण घरचेच, आपल्याला काय करायचंय दिसण्याशी?" मी चाळिशीचा होईपर्यंत आपल्या बागेतला बिनडागाचा आंबा क्वचितच खाल्ला. परवा तू म्हणालीस, आजी किती गोड होती. गोड नव्हती गो ती. तिखट होती, हिशेबी होती, आणि धीर हा प्रकार तिच्याकडे अजिबात नव्हता. तुझ्या वाट्याला ती आली तेव्हा म्हातारी झाली होती आणि तू एकुलती नात होतीस, म्हणून तुला सवलत मिळाली.

आता पत्रांचं सांगतो.

आपलं घर खाली, समुद्राच्या अंगाला, माडा-पोफळींच्या आगरात. पाखाडी चढून वर गेलं की कातळाच्या कडेला कुणब्यांची वाडी. माझ्या लहानपणी त्या वाडीत शिमगा आणि गणपती सोडले तर तरणा पुरुष दिसत नसे. सगळे मुंबईला, गिरणीत. कोणी साचेखात्यात मागावर, कोणी बदली. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर हात हलवत परत. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांची खोली असायची. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका, वर कपड्यांच्या दोऱ्या. पाळी बदलली की झोपणारी माणसं बदलायची. तिकडून मनीऑर्डर यायची, इकडून कार्ड जायचं. गाव त्यावर चालत होतं.

वाडीतल्या बायकांना लिहिता येत नव्हतं. आजी चौथी शिकलेली, तीही प्राथमिक शिक्षकाची मुलगी म्हणून. लग्न होऊन आली तेव्हा सासरी तिच्या शिक्षणाचा उपयोग वाण्याची यादी लिहिण्यापुरता होता. मग केव्हातरी कोणा एकीचं पत्र तिने लिहून दिलं, त्याचं उत्तर आलं, पैसेही आले, आणि आजीच्या हाताला गुण आहे अशी बातमी वर वाडीत पसरली. त्यानंतर दुपारची जेवणं आटोपली की घरापुढच्या खळ्यात कोणी ना कोणी बसलेलंच असे. मोळी गडग्याला टेकवलेली, पदराच्या गाठीत कार्ड. मी मोठा झालो तोवर कार्ड पंधरा पैशांना झालं होतं.

आजी ओटीच्या कडेला पाट टाकून बसायची आणि मांडीवर सूप पालथं घालायची. तेच तिचं टेबल. पावसाळ्यात कार्ड दमट होऊन शाई फुटते, म्हणून आधी कार्ड आत नेऊन चुलीच्या वैलावर धरून शेकून आणायची. कधी जरा जास्त शेकलं जाई आणि त्याचा कोपरा तपकिरी होई. मग दौत, मग टाक. पुढे अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, शाईचं पेन आणून दिलं. बॉलपेनला मात्र तिने हात लावला नाही, त्याने अक्षर घसरतं म्हणायची.

पहिली अडचण पत्त्याची. बायको नवऱ्याचं नाव घेणार नाही. मग कोडी सुरू. "रामाच्या पाठीवरचा", "पंढरपूरचा", "पांडवांतला मधला". ज्यांची नावं देवादिकांत बसत नसत त्यांची फार पंचाईत. एकीचा नवरा कुठल्याच पुराणात सापडेना, तेव्हा तिने शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्या तोंडून नाव वदवून घेतलं. नंतर आजीला सगळी नावं पाठ झाली आणि सगळ्या चाळीही. मुंबई तिने फारशी पाहिली नव्हती, पण मुंबई १२ म्हणजे लालबाग-परळ आणि मुंबई ३३ म्हणजे काळाचौकी हे तिला आपल्या आगरातल्या पाण्याच्या पाटांसारखं माहीत होतं. १९७२ साली सहा आकडी पिनकोड आला तेव्हा तिने एका दुपारी बसून सगळे नवे आकडे वहीत उतरवले आणि पोस्टमनची परीक्षा घेतली.

आलेलं पत्र वाचून दाखवणं हे निराळं काम. बायका कार्ड दोन्ही हातांत धरून आणायच्या आणि आजीच्या हातात देण्याआधी विचारायच्या, "वर श्री हाय ना?" मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, आणि असं पत्र वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही श्री तेवढा ओळखता यायचा. तरी विचारायच्या. आजी "आहे" म्हणाली की खाली बसायच्या. तोवर उभ्या.

एक दुपार मला अजून लख्ख आठवते. मी तिसरीत-चौथीत असेन, नुकतं भराभर वाचता यायला लागलं होतं, आणि आजीच्या खांद्यावरून डोकावत होतो. सांगणारी बाई सासूवर फार चिडलेली. सासूने हे केलं, ते केलं, नणंदेला लुगडं दिलं आणि मला जुनं दिलं, असं बराच वेळ सांगत होती. आजी मान डोलावत होती आणि टाक चालवत होती. कार्डावर मात्र लिहिलं होतं, घरी सर्व ठीक. आई तुमची आठवण काढतात. दोन्ही वासरं बरी आहेत. "लिवलंत ना सगळं?" बाईने विचारलं. "लिहिलं." मी तोंड उघडणार तोच सुपाखालून असा चिमटा आला की रडूच फुटलं.

ती गेल्यावर मी विचारलं, ही लबाडी नाही का? आजी म्हणाली, "तिच्या नवऱ्याला वाचता येत नाही. खोलीतला कोणीतरी मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. सासू-सुनेचं भांडण एवढ्या माणसांनी ऐकायचं का?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आणि तिला बोलायचं होतं. बोलून झालं."

याच्या उलटही होई. कोणी दोन-तीन महिने पैसे पाठवले नाहीत आणि तो तिकडे पत्ते कुटतोय असं कानावर आलं, की बायको बिचारी भीतभीत "पैशांचं बघा" एवढंच सांगायची. त्यावर आजी स्वतःच्या अंगाचं घालायची. एका कार्डाची ता. क. मला तोंडपाठ आहे: "हे पत्र जिने लिहिलं तिचा तुला आशीर्वाद नाही. पैसे पोचले की देईन." गणपतीला गावी आलेले बापये आपल्या घरावरून जाताना पाखाडी सोडून मागच्या शेतातून जात. ज्याचं पत्र असं गेलेलं असे, तो हमखास.

मेहनताना पैशांत कधीच नव्हता. टाकळा, फोडशी, शेवग्याच्या शेंगा, रातांब्याची टोपली. एक हर्णैची कोळीण यायची, तिचा मुलगा बोटीवर खलाशी होता. ती न चुकता मासळी आणायची. आजीने तिला अनेकदा सांगितलं, आमच्यात चालत नाही. तिला ते पटत नसे. एवढं लिहून द्यायचं आणि काही घ्यायचं नाही म्हणजे काय? शेवटी आजीने मांजर पाळलं. ते मांजर पुढे इतकं माजलं की उंदराकडे ढुंकून बघेना.

आता एक गोष्ट लिहितो ती तुला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. या बायका खळ्यातच बसायच्या. ओटीवर नाही. आजी त्यांना पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. सोवळ्यात असली तर कार्डसुद्धा खाली ठेवायला सांगून मग उचलायची. त्यांच्या घरातलं असं काही नव्हतं जे तिला माहीत नव्हतं, आणि त्यांच्या घरात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे मी तिला कॉलेजात गेल्यावर बोललो होतो. ती म्हणाली, "तू तुझ्या घरात कर तसं." नंतरच्या वर्षांत हे आपोआप ढिलं झालं. तू पाहिलंस तेव्हा सगळ्या ओटीवर बसत होत्या. पण ते कधी आणि कसं झालं यावर ती एक शब्द बोलली नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या दिवशीचं सांगतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेले होते. फडताळातली भांडी धडाधड खाली, कौलं खडखडली, आणि आजीने आम्हा भावंडांना बखोटीला धरून खळ्यात आणून टाकलं. कोयनानगरला दीडशेच्या वर माणसं गेली, हे नंतर कळलं. आपल्याकडे भिंतींना चिरा गेल्या, एवढंच. पण मुंबईलाही हादरा बसला होता. माणसं इकडची तिकडे आणि तिकडची इकडे अडकलेली, आणि कोणाचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. उजाडल्यावर आख्खी वाडी खाली आली. आजी दिवसभर एकच वाक्य लिहीत होती: आम्ही सर्व सुखरूप, तुमचं कळवा. संध्याकाळी पोस्टातली कार्डं संपली. तरी बायका बसून होत्या, तेव्हा माझ्या वहीचे कागद फाडले गेले. त्या वहीत माझे पाढे होते, आणि त्यातला सतराचा अजून मला नीट येत नाही.

तारेचं मात्र तिला वावडं. तार इंग्रजीत यायची आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे तारेवर श्री नसे, त्यामुळे प्रत्येक तार मरणाचीच वाटायची. एकदा वाडीत तार आली. पोस्टमन पाखाडी चढतोय म्हटल्यावर रडारड सुरू झाली. कोण गेलं ते अजून ठरायचं होतं. कोणी म्हणे थोरला, कोणी म्हणे धाकटा. शाळेच्या मास्तरांना जेवणावरून उठवून आणलं. त्यांनी वाचली: मुलगा रविवारी येतोय. ज्या आईने ऊर बडवून घेतला होता तिने आधी पोस्टमनला शिव्या घातल्या, मग मुलाला. रविवारी तो आला तेव्हा सगळे त्याच्याशी असे फटकून वागले की त्याला काही कळेना.

मग १९८२. जानेवारीच्या अठरा तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा डोंबिवलीत खोली घेऊन राहत होतो, नोकरीला नुकता लागलो होतो, आणि शनिवारी-रविवारी गावच्या पोरांना भेटायला लालबागला जायचो. पहिले दोन-तीन महिने सगळे खुशीत होते. शिमग्याला मिटेल, मग म्हणाले पावसाआधी मिटेल, मग गणपतीपर्यंत तर नक्कीच. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्या विझल्या, माणसं पांगली.

गावात मनीऑर्डरी थांबल्या. पोस्टमन पाखाडीच्या तोंडाशी दिसला तरी बायका बाहेर येईनाशा झाल्या. काही पुरुष परत आले, कुदळ-फावडं हाती घेतलं. काही लाजेने तिकडेच राहिले, भाजीच्या गाड्या लावल्या, हमाली केली. पावसाळ्यात वाडीत भात संपलं. लोक सावकाराकडून दिढीने भात उचलत, म्हणजे आत्ता एक मण घ्यायचं आणि पीक आलं की दीड मण घालायचं. आजीने आपल्या कणगीतलं भात दिलं. फुकट दिलं नाही. कोनाड्यातल्या वहीत नाव, पायल्या, तिथी सगळं लिहून घेतलं, आणि दिवाळीनंतर एकेकीला बोलावून त्याच पायलीने मोजून परत घेतलं. दिढी मात्र घेतली नाही. अण्णा म्हणाले, निदान सव्वाई तरी घे. तिने वही मिटली. तिच्याबद्दल कोणी "फार दानशूर होत्या" असं म्हणालं की मला हसू येतं. ज्यांच्याकडून दोन पायल्या राहिल्या होत्या त्यांची आठवण ती पुढे कित्येक वर्षं काढत होती.

आणि मी डोंबिवलीत असताना मला तिची पत्रं काय यायची? तीन ओळी. चि. यास आशीर्वाद. वाऱ्याने कौलं सरकली, एक माड पडला. पैसे नकोत. बस. उरलेलं कार्ड कोरं. इतरांच्या कार्डाला एवढीशीसुद्धा जागा शिल्लक राहायची नाही. "पंधरा पैसे दिलेत ना, मग पंधरा पैशांचं लिहायचं," म्हणत समासातून वर चढत जायची, पत्त्याच्या बाजूलाही घुसायची. मी एकदा रागावून विचारलं, मलाच का एवढंसं? म्हणाली, "तुला काय लिहायचं? तुला सगळं माहीतच आहे." मी ती कार्डं ठेवली नाहीत. त्यात ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि असं काही ठेवायचं असतं हे तेव्हा डोक्यातही येत नसे.

पुढचं तुला थोडंफार आठवत असेल. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा आजीला प्रौढ वर्ग चालवायला सांगितलं. मी म्हटलं नव्हतं का, धीर नाही? चार दिवसांत तिने वर्ग सोडला. "ग"ची काठी तीनदा सांगूनही चुकली की ती पाटीच हिसकावून घ्यायची. मग एसटीडी बूथ आले, मग घरोघर फोन, आणि खळ्यातली वर्दळ थांबली. मला वाटलं तिला चुकल्यासारखं होईल. ती म्हणाली, बरं झालं, डोळे गेले होते माझे. स्वतः फोनवर बोलायची ती अशी: "पाऊस आहे. सगळे बरे. ठेव आता, बिल वाढतंय." फोन मी केलेला असायचा, बिल माझं वाढत असायचं.

आजी गेली २०१४ साली. २०२० च्या तीन जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू तुझ्याकडेच अडकली होतीस, आणि आम्ही इथे कुलूपबंद. वाऱ्याने आपल्या आगरातल्या पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, माजघरावरची कौलं गेली. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा आत्ता कुठे नवी रोपं आकाराला येत आहेत. माळ्यावर आजीची लाकडी पेटी होती, तिच्यात ती भाताची वही आणि पत्त्यांची वही. कौलं गेल्यावर पावसाचं पाणी थेट पेटीत. मी पोहोचलो तेव्हा आत लगदा होता. शाई अशी उतरली होती की लुगड्याच्या घडीवर निळे डाग.

छपराच्या कामाला माणसं बघायला मी वरच्या वाडीत गेलो होतो. तिथे एक म्हातारबा आहेत, नाव लिहीत नाही, तू त्यांना पाहिलं आहेस. गिरणीत होते, संपानंतरही मुंबईतच राहिले, भायखळ्याला भाजीच्या पाट्या उचलल्या, नंतर गावी आले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मला बघितल्यावर म्हणाले, बस जरा, आणि आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कार्डं. पुडकं चांगलं जाड होतं. म्हणाले, "बायकोची पत्रं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाही, मला आधीपासूनच येत नाही. खोलीत एक जण वाचून दाखवायचा. तो गेला. तू वाच."

वरच्याच कार्डाचा एक कोपरा तपकिरी होता, आणि ओळी समासातून वर चढत पत्त्यापर्यंत गेल्या होत्या. ते कार्ड १९८२ च्या श्रावणातलं. मी वाचलं ते असं:

"श्री. शिरसाष्टांग नमस्कार. पैसे धाडता आले नाहीत म्हणून तोंड लपवू नये. संप तुम्ही एकट्याने केलेला नाही. भात पुरतं आहे. गाय व्याली, पाडी झाली. लावणी झाली, यंदा आवण चांगलं आहे. थोरला शाळेत जातो, धाकटीला ताप होता तो उतरला. गणपतीला रिकाम्या हाताने या. तुम्ही काय आणलंत ते बघायला कोणी बसलेलं नाही. आला नाहीत तर मात्र बोलेन."

म्हातारबा म्हणाले, "रिकाम्या हाताने या, असं तिने लिवलं म्हणून आलो. नाहीतर येणार नव्हतो. एवढी बोलायची नाही ती तोंडावर. पत्रात बोलायची."

आता "भात पुरतं आहे" म्हणजे कोणाच्या कणगीतलं, ते मला माहीत होतं. त्या वहीत या घराचं नाव होतं. शेवटचं वाक्य कोणाचं असावं, तेही मी सांगू शकलो असतो. पण बाकीचं? धाकटीचा ताप, गाईची पाडी, तोंड लपवू नका? खळ्यात बसून त्या बाईने काय सांगितलं, त्यातलं आजीने काय उतरवलं आणि काय पदरचं घातलं, हे विचारावं असं आज कोणी नाही. मी काही बोललो नाही. त्यांनी पुढचं कार्ड माझ्या हातात दिलं. काळोख पडेपर्यंत वाचत होतो. मध्ये त्यांच्या सुनेने चहा आणून दिला. एक कार्ड मला लागेना, अक्षर पुसट झालं होतं, तर ते त्यांनीच पाठ म्हणून दाखवलं.

म्हणजे आजीची पत्रं आहेत, पण ती आपली नाहीत. मी ती मागितली नाहीत आणि तू आलीस की तूही मागू नकोस. त्यांनी फोटो काढू दिले, ते चार फोटो मी तुला वेगळे पाठवतो आहे. आजीचं अक्षर त्यात स्पष्ट दिसतं. तिचा "ण" बघ, आणि तुझ्या शाळेच्या वह्या आठव. मात्र ते घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, स्टेटसला तर अजिबात नाही. एका बाईने नवऱ्याला लिहिलेलं आहे ते.

मे महिन्यात येणार असशील तर खेडपर्यंत रेल्वेने ये, मी गाडी घेऊन येतो. म्हातारबांची निम्मी कार्डं वाचायची राहिली आहेत आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे. तुझा आवाजही मोठा आहे, त्यांना ऐकू कमी येतं.

आत्या विचारत होती, तुला सांदणाचा साचा हवा आहे का. तिच्याकडे दोन आहेत. तुझी आई बरी आहे, गुडघा दुखतो पण सांगत नाही.

कळावे,
तुझा बाबा

ता. क. नव्या घराचा पूर्ण पत्ता पिनसकट कळव. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतो आहे. मिळालं नाही तर लगेच सांग.